नाक्सोसवर ताईसाठी खोली

सिंगापुरात नव्यानं आलेल्या मराठी माणसाला कुठल्या भागात घर घ्यावं असा प्रश्न पडला, की कुणीतरी त्याला माझा नंबर देतं. एकोणीस वर्षांत मी इथं पाच भाड्याची घरं बदलली. सेरंगूनला दोन, सेंगकांगला दोन आणि आता पुंगोल. त्यामुळे एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत चालत किती मिनिटं, वाटेत डोक्यावर छप्पर आहे का, खाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर आहे का, दुपारचं ऊन कुठल्या बेडरूममध्ये शिरतं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. लोक विचारतात, मी सांगतो, ते मानतात आणि वर्षभरानं माझ्याच सल्ल्यानं घेतलेल्या घरात मला जेवायला बोलावतात. एवढं सांगायचं कारण, ज्या चुकीबद्दल लिहायला बसलोय ती या कामात चांगल्या मुरलेल्या माणसाची चूक आहे.

ग्रीसला जायचं ठरलं ते ताईसाठी. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही, सहकारी बँकेत नोकरी केली. अकरा वर्षांपूर्वी आई घरातच पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पुण्यात सहकारनगरच्या घरी आईचं सगळं ताईच करते. पुढे त्यासाठी तिनं नोकरीही मुदतीआधी सोडली. आई आता ब्याऐंशीची. पायांना वॉकर लागतो, जिभेला नाही. मी वर्षातून एकदा दोन आठवडे जातो, पाहुण्यासारखा जेवतो आणि निघताना ताईला 'तब्येतीला जप' असं सांगून विमानतळाच्या टॅक्सीत बसतो.

भाऊबीजेला ताई मला व्हिडिओ कॉलवर ओवाळते आणि मी फोनपुढे मान खाली घालतो. गेल्या भाऊबीजेला ती तबक फिरवत असताना मला तिचं मनगट दिसलं. त्यावर पट्टा होता. आईला उचलताना लचकलं, आता बरं आहे, असं ती म्हणाली. पण तबक तिनं डाव्या हातात घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस काहीतरी मोठं बोलून टाकतो. मी म्हटलं, ताई, या वेळी ओवाळणीत तुला ग्रीस. ती हसली आणि लगेच म्हणाली, आईचं काय?

आईचं असं ठरलं, की जूनच्या शाळेच्या सुट्टीत ताईनं आईला घेऊन पुंगोलला यायचं. माझी बायको केतकी आणि आमची तेरा वर्षांची ऋचा, दोघी मिळून दहा दिवस आईला सांभाळतील आणि आम्ही बहीणभाऊ जाऊन येऊ. खरं तर केतकीलाही यायचं होतं. पण आईला एकटीला ठेवता येत नव्हतं, आणि त्यावर दुसरा उपाय मला सुचला नाही. केतकी त्यावर फार बोलली नाही. आमच्याकडे त्याला होकार समजायची पद्धत आहे.

बेट ठरवायला एक संध्याकाळ पुरली. नाक्सोस मोठं आहे, फार गाजावाजा नाही, अथेन्सहून बोटीनं जाता येतं. तीन आठवडे गेले ते बेटावर कुठं राहायचं हे ठरवण्यात. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा अभिजित दोन वर्षांपूर्वी जाऊन आला होता. त्याचं म्हणणं, डोळे मिटून प्लाकाच्या बीचवर राहा. टीममधली मेईलिंग इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ओल्ड टाउन लाह, बाकी सगळं बोअरिंग. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि आपला तक्ता केला. होरा म्हणजे बंदराचं मुख्य गाव. त्यातला वरचा जुना किल्ल्याचा भाग, खालचा सपाट भाग, पश्चिमेचे बीच आणि डोंगरातली गावं. समोर रकाने. बसस्टँडपासूनचं अंतर, सुपरमार्केट, औषधाचं दुकान, पायऱ्या. डोंगरातली गावं पहिल्याच फेरीत बाद झाली.

मग ताईला फोन केला. तुला कशी जागा हवी, असं मी विचारलं. मी विचारलं होतं, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. ताई एका दमात म्हणाली, जिने नकोत. बाथरूममध्ये धरायला दांडी असली तर उत्तम. दवाखाना जवळ हवा. पलंग फार खाली नको. मी विचारलं, समुद्र दिसायला हवा का? मिळाला तर बघ, नाहीतर राहू दे, असं ती म्हणाली. ऑफिसात माझं निम्मं आयुष्य लोकांना नक्की काय हवं ते काढून घेण्यात जातं. इतकी स्वच्छ यादी मला कुणीच दिली नव्हती. मी खूश झालो. होराच्या मागच्या बाजूला सपाट रस्त्यावर तळमजल्याची एक खोली मिळाली, दवाखाना दहा मिनिटांवर. मालकाचं नाव मनोलिस. त्याला मी ईमेलवर आठ प्रश्न विचारले. त्यानं आठही प्रश्नांची उत्तरं दिली आणि खाली लिहिलं, काळजी करू नका, मी बंदरावर येतो.

बंदर

बोट दुपारी लागली. वारा असा होता की ताईनं ओढणी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. उतरणाऱ्या गर्दीच्या पलीकडे साठीचा एक मिशाळ माणूस माझं नाव लिहिलेला पुठ्ठा घेऊन उभा होता. त्याच्या दुसऱ्या हातात व्हीलचेअर होती. खुर्चीवर घडी घातलेलं पांघरूणसुद्धा होतं.

मी हात केला. त्यानं आम्हा दोघांना पाहिलं आणि मग आमच्या मागे, बोटीच्या उताराकडे पाहत राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, मदर? मी म्हटलं, मदर नाही, ही माझी बहीण. त्यानं ताईकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम पडला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या आठ प्रश्नांवरून बरोबर म्हातारी आई असणार असं त्यानं धरलं होतं, आणि आता ती प्रवासाआधीच गेली असा त्याचा समज झाला होता. ती जिवंत आहे, सिंगापूरला आहे, तब्येतीनं ठीक आहे, हे त्याला पटेपर्यंत बंदर निम्मं रिकामं झालं.

ताईनं आमच्या बॅगा उचलून खुर्चीवर ठेवल्या, पायानं ब्रेक काढला आणि खुर्ची ढकलत निघाली. जिथं फरशी खाली उतरत होती तिथं तिनं खुर्ची सवयीनं उलटी फिरवली आणि पाठीनं उतरली. मनोलिस ते पाहत होता. मीही पाहत होतो.

खोली त्यानं लिहिली होती तंतोतंत तशी होती. कमोडच्या दोन्ही बाजूंना दांड्या, शॉवरखाली स्टूल, पलंगाशी घंटेचं बटण, उंबरठ्याला उतरती फळी. मनोलिसनं ती स्वतःच्या आईसाठी बांधली होती. ती गेल्यावर खोली भाड्यानं द्यायला लागला. प्रत्येक दांडी तो हातानं हलवून दाखवत होता. खिडकीतून टायरचं दुकान दिसत होतं. समुद्र पाच मिनिटांवर होता, पण तो दिसत नव्हता आणि ऐकूही येत नव्हता.

मनोलिस गेल्यावर ताई पलंगावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग थांबली.

"मंदार, ही आईची खोली आहे."

मी म्हटलं, "अगं, तूच सांगितलंस. जिने नकोत, दांडी हवी."

"मीच सांगितलं." तिनं पलंगाच्या कडेवरून हात फिरवला. "तू मला विचारलंस, आणि मी आईचं सांगितलं. मला कळलंसुद्धा नाही रे."

तिचा आवाज घाबरल्यासारखा झाला होता. मी चहा टाकतो असं काहीतरी पुटपुटलो. खोलीत किटली होती, चहा नव्हता.

होरा

पहिले दोन दिवस आम्ही नीटसे कुठं गेलोच नाही. दोघंही दमलेलो होतो, आणि दोन दमलेली माणसं एकत्र आली की त्यांना साधं नाश्त्याला कुठं जायचं हेही ठरवता येत नाही. सिंगापूर पाच तास पुढे. आमची सकाळ उजाडायची तेव्हा माझ्या ऑफिसात जेवणाची वेळ होत आलेली असायची, आणि माझा फोन वाजत राहायचा. ताईचा फोन त्याहून वाईट. त्यात सहा गजर होते आणि प्रत्येकाला नाव होतं. थायरॉइड, नाश्ता, बीपी, व्यायाम, डोळ्यांत थेंब, झोपेची गोळी. प्रत्येक गजराला ताई उठून उभी राहायची. मग कुठं आहोत ते आठवून बसायची. बंद करून टाक म्हटलं तर म्हणाली, परत लावायला विसरले तर?

आईचा व्हिडिओ कॉल रोज व्हायचा. आमच्या पुंगोलच्या फ्लॅटच्या खिडकीतून एलआरटी या छोट्या लोकल गाडीचा रूळ दिसतो. आई खुर्ची तिथं लावून बसलेली असायची. गाडीत ड्रायव्हर नाही हे तिला ऋचानं सांगितल्यापासून तिला त्या गाडीची काळजी लागली होती. ताई गोळ्यांची चौकशी करायची, आई उत्तर द्यायच्या आधीच ऋचा मध्ये घुसायची. आत्या, आजी ओके वन लाह, यू एन्जॉय. फोन ठेवल्यावर ताई म्हणायची, आईचा चेहरा उतरलाय का रे? मला आईचा चेहरा नेहमीसारखाच दिसायचा. पण नेहमीचा चेहरा कसा असतो हे मला किती माहीत होतं, हाही प्रश्नच.

दुपारी गाव बंद होतं. आम्हाला सिंगापूरकरांना हे पचत नाही. आमच्याकडे काही बंद असलं तर आज सण आहे का म्हणून लोक आधी तारीख बघतात. इथं दोन वाजले की दुकानदार शटर ओढून घरी जेवायला जातो आणि त्यात त्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. ताईला मात्र ते फार आवडलं. पुण्यात असं केलं तर लोक चेष्टा करतात, असं ती म्हणाली. जेवणाचे हाल झाले नाहीत. मासमच्छी वगळूनही मेनूत पुष्कळ उरायचं. दही आपल्या चक्क्यासारखं घट्ट, वर मध. टोमॅटोची भजी. इथले बटाटे प्रसिद्ध आहेत हे प्रत्येक वाढपी आम्हाला सांगायचा आणि ते खरोखरच चवीचे होते. रानातली पालेभाजी उकडून, लिंबू पिळून समोर आली तेव्हा ताईनं वाढप्याला सगळं छान आहे म्हणून सांगितलं आणि मला हळूच म्हणाली, फोडणी राहून गेली वाटतं.

तिसऱ्या दिवशी अभिजितच्या प्लाकाला गेलो. बसचं तिकीट आधी दुकानातून घ्यायचं असतं हे बसमध्ये चढल्यावर कळलं. उतरून तिकीट घेईतो बस गेली, पुढची तासानं. बीच सुंदर होता हे अभिजितच्या मनःशांतीसाठी कबूल करतो. पण वाऱ्यानं वाळू अशी उडत होती की डबा उघडायची सोय नाही. घरून आणलेल्या दशमीचा एक घास घेतला तो दातांत करकरला. पार टोकाला काही मंडळी अंगावर काहीही न घेता पहुडली होती. ताईनं एकदा तिकडे पाहिलं आणि म्हणाली, भाजेल की रे. मग आमच्या बाजूला तोंड करून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून तासभर उभा राहिलो. बहिणीसाठी इतक्या वर्षांत केलेलं एवढंच एक काम, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

अपिरान्थोस

चौथ्या दिवशी डोंगरातली गावं बघायला बस पकडली. दिवसभरात परत यायचं होतं. बस वळणं घेत वर चढते, ऑलिव्हची झाडं मागे पडतात, दगडी बांध सुरू होतात. तासाभरानं अपिरान्थोस आलं. संगमरवराच्या फरशीचं गाव. गल्ल्या फरशीच्या, घरांच्या चौकटी दगडाच्या, आणि जिकडं बघावं तिकडं पायऱ्या. गाडी आत येतच नाही. माझ्या तक्त्यात या गावापुढे मी लाल रंग दिला होता.

ताई बसमधून उतरली आणि पायऱ्या चढायला लागली. मी म्हटलं, हळू. ती थांबली नाही. एक गल्ली वर, मग उजवीकडे, एका कमानीखालून पुन्हा वर. मनगटाचा पट्टा काढून तिनं पर्समध्ये टाकला होता. मी धापा टाकत होतो. रॅफल्स प्लेसला मी सरकत्या जिन्यावरही उभा राहून जातो. ताई वरच्या टप्प्यावर पोचून वळली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती लहान मुलीसारखी खूश दिसत होती. तिथून खाली दरी आणि दूर समुद्राची एक पट्टी दिसत होती.

त्या टप्प्यावर एक घर होतं आणि दारात भाड्यानं खोली असल्याची पाटी. दाराशी बसून विणणाऱ्या बाईंचं नाव इरिनी. सत्तरीच्या, काळा झगा, इंग्रजी दहा-पंधरा शब्दांचं. ताईनं त्यांना खोली दाखवा म्हणून खूण केली. खोली वर होती, आणखी अकरा पायऱ्या चढून, कठड्याशिवाय. आत एक खिडकी, दोन लोखंडी पलंग, कोपऱ्यात न्हाणी. धरायला कुठंही काही नव्हतं.

ताई म्हणाली, इथं राहू.

मी सुरुवात केली. अगं, खाली मनोलिसची खोली घेतलेली आहे. बॅगा तिकडं आहेत. शेवटची बस गेली तर परत जाता येणार नाही. औषधाचं दुकान मला दिसलं नाही. रात्री या पायऱ्या उतरायची वेळ आली तर?

ताईनं शांतपणे विचारलं, "कुणावर?"

आम्ही मनोलिसला फोन करून तीन दिवस इथं राहतो म्हणून कळवलं. मदर ओके? त्यानं विचारलं. ओके म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बस-ड्रायव्हरच्या हाती आमच्या बॅगा पाठवून दिल्या आणि बरोबर आपल्या बागेतली लिंबंही दिली.

त्या गावात आम्ही काहीही केलं नाही. सकाळी चौकात कॉफी, दुपारी गावाबरोबर झोप, संध्याकाळी ताई पायऱ्या चढायची-उतरायची. पायऱ्यांची तिला जणू चटक लागली होती. इरिनीबाई आणि ती एकमेकींना विणकामाचे टाके दाखवत बसायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी सारखं बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेआठला उठलो तर ताई अजून झोपलेली. तिचा एकही गजर वाजला नव्हता.

त्याच संध्याकाळी, उन्हं उतरताना, आम्ही चौकाच्या कडेला दगडी बाकावर बसलो होतो. ताई म्हणाली,

"मंदार, मी परत गेल्यावर आईचं करणार नाही."

मला वाटलं, थकव्यानं बोलतेय. मी म्हटलं, आपण अजून एक बाई ठेवू. तिनं मान हलवली.

"बाई आहेच. तीन बाया झाल्या. मी रागावून बोलत नाहीये. आईवर माझा राग नाही. पण त्या खोलीत गेले ना, तेव्हा मला भीती वाटली. मला काय हवं हे मला सांगता येईना. एवढंसुद्धा येईना. आणखी दोन-चार वर्षं गेली तर मी उरणार नाही रे, आईच्या आधी संपेन."

आणि मी काय केलं, तर अडचणी मोजल्या. इथं मला सारवासारव करायची नाही. मी सांगितलं, आईला सिंगापूरला कायम ठेवायचं तर राहण्याच्या पासचा अर्ज करावा लागतो, मिळेलच असं नाही. फ्लॅट तीन बेडरूमचा. केतकीची नोकरी. ऋचाची मोठी परीक्षा तीन वर्षांवर आलेली. माझं ऑफिस तुला माहीत नाही. ताई सगळं ऐकून घेत होती. बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाचं ऐकायची तसं असावं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "मी तुला परवानगी विचारत नाहीये. तुझी आई आहे, एवढं सांगतेय."

ती उठून खोलीवर गेली. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी बसून राहिलो. मला राग आला होता, ताईचा, मग माझा, आणि मग कुणाचाच नाही, नुसता थकवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या टोकाला जाऊन मी केतकीला फोन केला. सगळं सांगितलं. वाटलं, ती एकदम काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. ताई आल्या त्या दिवशी आईंना खुर्चीत बसवून झाल्यावर त्या न्हाणीघरात गेल्या आणि अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. नळ चालू होता. मी काय विचारणार?"

मी म्हटलं, मग आपण आईला ठेवून घ्यायचं का?

"आपण म्हणू नकोस," केतकी म्हणाली. "आपण म्हणजे मी, हे मला गेल्या सात दिवसांत समजलंय. तू काय करणार ते सांग. मग बोलू."

माझ्या मागे एक म्हातारा गाढवावर लाकडं लादून चालला होता, त्याला मी वाट दिली आणि सांगायला लागलो. सकाळ माझी. गोळ्या, नाश्ता, चालायचा व्यायाम, सगळं मी करीन. आंघोळीला बाई शोधू. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागेन, नाही दिलं तर भांडेन. ऋचाची खोली न्हाणीघराला लागून आहे, ती आईला. केतकीनं विचारलं, सकाळ म्हणजे किती वाजता? सहा, मी म्हटलं. ती म्हणाली, ऋचाला मी विचारते. फोन ठेवताना आवाज मऊ होता की नाही ते मला सांगता येणार नाही.

मी वर गेलो. ताई इरिनीबाईंच्या दाराशी बसून लोकर गुंडाळत होती. मी म्हटलं, आई आमच्याकडे राहील. ताईनं मान डोलावली आणि गुंडाळत राहिली. थोड्या वेळानं दिसलं, की ती रडत होती. इरिनीबाईंनी काहीही न विचारता तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

पुंगोल

आईला सांगायचं काम ताईनं स्वतःकडे घेतलं. आलो त्याच दिवशी, चहा झाल्यावर, ती आईच्या खुर्चीशेजारी बसली आणि सरळ म्हणाली, आई, मी एकटी पुण्याला जातेय, तू इथं राहा.

आईनं एलआरटीवरची नजर काढली. किती दिवस, तिनं विचारलं. ताई म्हणाली, ते आता मंदार सांगेल. मी म्हटलं, पास देतील तितके दिवस. मग पुन्हा अर्ज करू.

आई म्हणाली, "सगळं ठरवून आलात. मला कुणी विचारलं?"

आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहायला लागलो. कुणीच विचारलं नव्हतं. सातासमुद्रापार जाऊन आम्ही दोघं बहीणभाऊ आईनं कुठं राहायचं ते ठरवून आलो होतो, आणि हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. शेवटी केतकी पुढं झाली. तिनं विचारलं, "आई, राहाल का इथं?"

आईनं ताईचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला आणि मनगट दाबून पाहिलं. ताईनं ओठ चावला.

"माझं घर सहकारनगरला आहे," आई म्हणाली. "पण हिचा हात बरा होईतो राहते. पुढचं पुढं बघू. हात बरा व्हायला किती दिवस लागतात ते डॉक्टर सांगेल, तू नको सांगूस." शेवटचं मला होतं. ऋचानं न सांगता आपली पुस्तकं हॉलमध्ये हलवायला सुरुवात केली.

ताई तीन दिवसांनी गेली. विमानतळावर ती मागे वळून पाहील असं मला वाटलं होतं. पाहिलं नाही. याला आता सहा आठवडे झाले. ऑफिसनं घरून काम करायला दोन दिवस दिले आहेत. आंघोळीला एक बाई येते, आईला तिचं पाणी फार गार वाटतं. अर्ज केला आहे, उत्तर आलेलं नाही. मी रोज पावणेसहाला उठतो आणि संध्याकाळी एमआरटीत उभ्या उभ्या डुलक्या घेतो. केतकी आणि मी सध्या एकमेकांशी फक्त कामाचं बोलतो.

गेल्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला. ती कशी आहे हे विचारायचं मी विसरलो आणि माझंच सांगत सुटलो. आईनं दोन दिवस जेवण परत पाठवलं. काल वॉकर सोडून चालायला गेली, थोडक्यात वाचली. सोमवारची मीटिंग बुडाली. आईला रोज एकच गोष्ट दहादा सांगावी लागते, आणि अकराव्यांदा माझा आवाज चढला, आणि मग ती गप्प बसली ते मला सहन झालं नाही. बोलता बोलता मी म्हणालो, ताई, मी दमलो गं.

इतक्या वर्षांत आईबद्दल मी काहीही कुरकूर केली, की ताईचं एक वाक्य ठरलेलं असायचं. मी आहे ना. ते ऐकलं की मी फोन ठेवून मोकळा व्हायचो. मी त्याची वाट पाहत थांबलो. पलीकडे तिनं कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"दमायला होतं," ताई म्हणाली. "आईला दे फोन."

मी फोन घेऊन आत गेलो.